सक्तीची रजा

आमची बँक ठेवी घेणारी नाही. ज्याला कंपनी विकायची असेल त्याला घेणारा शोधून द्यायचा, भाव ठरवून द्यायचा आणि सह्या होईपर्यंत दोघांना टेबलावरून उठू द्यायचं नाही, हे आमचं काम. ही म्हणायची, "सरळ सांगा ना, कारखान्यांची लग्नं जुळवतो म्हणून."

ही गेली आणि मी जवळजवळ ऑफिसातच राहायला लागलो. घरी जायचं जिवावर यायचं. आमच्याकडे प्रत्येकाला वर्षातून एकदा सलग दोन आठवडे सक्तीची रजा घ्यावी लागते. मेल बंद, फोन बंद, ग्राहकाशी कामाचं अवाक्षर काढायचं नाही. तेवढ्यात दुसऱ्याने तुमचं काम उघडून बघायचं, काही लपवलंय का म्हणून. मी ही रजा पुढे पुढे ढकलत होतो. शेवटी नियम बघणाऱ्या बाईंनी माझं ओळखपत्रच बंद केलं.

वेळ अगदी वाईट. त्याच सुमारास एमडीच्या, म्हणजे मॅनेजिंग डायरेक्टरच्या, बढतीची बैठक होती. माझं नाव दोनदा मागे पडलं होतं. तिसऱ्यांदा पडलं की कोणी काही बोलत नाही, माणूस आपणच समजून घेतो. आणि हातातला बाटल्यांच्या कारखान्याचा सौदा सह्यांवर आलेला.

"लक्ष ठेवशील ना?" मी माझ्या ज्युनिअरला विचारलं. तिला सगळे तुफान म्हणतात.

"सर, किती वेळा विचाराल? रजेवर चाललाय, लढाईवर नाही."

"बाई विचारात पडल्या तर घाई करू नकोस."

"नाही करणार. निघा आता."

बाई म्हणजे कारखान्याच्या मालकीण. नवऱ्यामागे त्यांनी तो एकटीने चालवला. माझ्याशिवाय त्या कोणाशी धड बोलत नसत, आणि मला ते आवडायचं.

रजेत घर आवरायचं ठरवलं. हिचं कपाट उघडायचो आणि तसंच लावून टाकायचो. एका सकाळी पडदे काढून बादलीत भिजवले, तेवढ्यात बेल वाजली. दारात बाई.

"अहो, फोन का बंद तुमचा?"

"बाई, मी रजेवर आहे. कामाचं एक अक्षर बोललो तर नोकरी जाईल."

"मग नका बोलू. पाणी द्याल, की त्यालाही बंदी?"

त्या बसल्या. त्या मागे फिरल्या तर सौदा गेला, मी समजावत बसलो तर मी गेलो. बढती दोन्हीकडून जाणार.

"कारखाना विकला," त्या म्हणाल्या, "तर सकाळी उठून करायचं काय?"

हा प्रश्न कामाचा की घरचा, मला ठरवता येईना.

"कारखान्याचं असेल ते ऑफिसातल्या मुलीला विचारा."

"ती फार भराभर बोलते."

"हळू बोल म्हणा. ऐकते ती."

"बरं. तुम्ही काय करता सकाळी?"

मी बादलीकडे बोट दाखवलं. "हे पडदे. त्याआधी काल घासलेली भांडी परत घासली."

बाई खो खो हसल्या. मग उठल्या, बाह्या वर सारल्या आणि म्हणाल्या, "धरा ते टोक." आम्ही दोघांनी मिळून पडदे पिळले. समोर माणूस असला की काम किती लवकर होतं, हे मी विसरलोच होतो. जाताना त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत.

मी लगेच नियमवाल्या बाईंना घरच्या फोनवरून कळवलं.

"काय बोललात त्यांच्याशी?"

"पडद्यांचं."

"ठीक आहे. लिहून ठेवते."

उरलेली रजा कशी काढली ते माझं मला माहीत.

परत गेलो तर तुफान लिफ्टपाशीच उभी. "सर, सह्या झाल्या! बाईंची एकच अट होती. वर्षभर कारखान्यात त्यांची खोली तशीच राहणार, त्या रोज येणार. घेणारे ऐकत नव्हते. मी भांडले."

"कमी बोलून?"

"हळू बोलून."

मला ही अट सुचली नसती. त्यांना भाव चांगला मिळाला की झालं, असं मी धरून चाललो होतो.

दुपारी साहेबांनी बोलावलं. "बसा. झालात तुम्ही एमडी."

मी खुर्ची ओढून बसलो.

"दोनदा का अडलं माहितेय? सगळं एकटे ओढता, हाताखाली कोणी तयार होत नाही, असं समितीचं म्हणणं होतं. या वेळी तुम्ही नव्हतात आणि सौदा झाला."

"म्हणजे मी नव्हतो म्हणून झालो?"

"असंच म्हणा." ते हसले. मीही हसलो. खांदे इतके सैल पडले की खुर्चीतून उठायला वेळ लागला.

आधी हिलाच सांगायचं होतं. मग ताईला फोन लावला.

"एमडी झालो गं."

"अरे वा! आता तरी वेळेवर घरी जाशील?"

"आता काम वाटून देणार आहे. जाईन."

"रडतोयस का रे?"

"थोडंसं."

"रड. आणि नीघ मग."

बाहेर आलो तेव्हा रस्त्यावर अजून ऊन होतं. कामाच्या कागदांची बॅग ऑफिसात तुफानच्या टेबलाखाली ठेवली होती, ती तिथेच राहू दिली. घरी पोचलो, कुलूप काढलं आणि दारात न घुटमळता आत गेलो.