हार घालायचा फोटो

चौतीस वर्षं कचेरीत फायली हलवून आमचे हे निवृत्त झाले आणि तिसऱ्याच महिन्यात कथाकार छायाचित्रकार झाले. तसं कार्डच छापून घेतलं: वर नाव मधुसूदन, खाली 'चेहऱ्यामागची कथा'. यवतमाळात ज्याला त्याला ते कार्ड मिळालं. दूधवाल्याला दोनदा मिळालं.

दिवाळीनंतर प्रदर्शन ठरलं. एकोणतीस फोटो तयार होते, तिसावा, म्हणजे मुख्य, काही मिळेना. त्यात वेदना हवी होती. घरात माझा चेहरा होता, पण तो यांना रोजचाच.

मग बाभुळगावजवळच्या एका खेड्यात शकुबाई सापडली. सत्तरीची, बारा एकरांत कपाशी आणि तूर, स्वतः उभी राहून वेचणी करवून घेणारी. यांनी तिला भर दुपारी बांधावर उन्हाकडे तोंड करून उभं केलं, अजिबात बोलू नका म्हणून बजावलं आणि फोटो काढला. मी छत्री धरून होते. कॅमेऱ्यावर.

फोटो काळापांढरा केला, मोठा केला, काळ्या चौकटीत बसवला. एक प्रत प्रदर्शनाला, एक शकुबाईला भेट. ही भेट यांनी गावाकडे जाणाऱ्या जीपवाल्याच्या हाती पाठवली. काच फुटू नये म्हणून त्या भल्या माणसाने ती पुढच्या सीटवर उभी ठेवली. आमच्याकडे माणूस गेल्याशिवाय त्याचा एवढा मोठा फोटो कोणी चौकटीत बसवत नाही. थांब्याथांब्यावर लोकांनी हात जोडले, एकाने झेंडूचा हारही घातला. जीप गावात पोचायच्या आधी बातमी पोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शकुबाई चौकट काखेत मारून आमच्या दारात उभी.

"काहो भाऊ, मले जितेपणी काहून मारून राह्यले?"

यांनी चष्मा पुसला. "शकुबाई, तुमच्या डोळ्यांत केवढी वेदना आहे, बघा तरी."

"कायची वेदना? डोयात ऊन जाऊन राह्यलं होतं!"

मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. हे तिची खरी वेदना टिपायला दुसरी लेन्स शोधत आत गेले. ती मला सांगू लागली.

"तीन गावचे पाव्हणे रडत आले, बाई. मीच त्याइले चहा पाजला. एक जण तर मले पाहून पयालाच. पण माही धाकटी जाऊ नाई आली. मांगच्याच गल्लीत राह्यते. म्हणे, पोया लाटून राह्यली होती."

हसता हसता तिचे डोळे भरून आले. मी मोबाइल उचलला आणि फोटो काढला. तिने तो लांब धरून पाहिला.

"हा ठेवजा. मी गेली का हाच लावा. जावेले रोज दिसला पाह्यजे."

प्रदर्शनाला बरेच लोक आले. तिसाव्या फोटोसमोर चपला काढून, हात जोडून पुढे गेले. यांना वाटलं, कलेला दाद मिळाली.

आमच्या अंगणात मात्र आता दर रविवारी शकुबाईचं ऐकून म्हातारी माणसं येतात, आपल्यामागे भिंतीवर लावायचा फोटो काढून घ्यायला. बसतात, सांगतात, रडतात, हसतात. एकसष्टाव्या वर्षी मला माझं काम सापडलं आणि मला त्याचा फार आनंद आहे. छत्री आता हे धरतात.

परवा सगळे गेल्यावर हे त्या फोटोच्या खुर्चीत बसले. चेहरा पडलेला.

"मंजू, बटण केव्हा दाबायचं, ते तुला कसं कळते गं?"

लग्नाला अडतीस वर्षं झाली. माझ्याकडून काही समजून घ्यावं असं यांना पहिल्यांदाच वाटलं होतं. मी मोबाइल हातात घेऊन यांच्यासमोर बसले.

"काही नाही हो. समोरचं माणूस बोलत असलं की मी गप्प राहते, आणि मग..."

"अगं, तसं नसते ते," हे म्हणाले, आणि प्रकाश कुठून कसा यायला पाहिजे, ते मला समजावू लागले.

मी बटण दाबलं. बोट वर, तोंड उघडं. यांच्या पश्चात हाच लावणार आहे.