सगळ्यांचे डोळे आले, ते साल

"डॉक्टरबाई, तुमचाच काय, कुणाचाच विश्वास बसणार नाही. पण या देहाला आजवर साधी सर्दीसुद्धा शिवलेली नाही!"

एवढं बोलून गुलाबरावांनी छाती फुगवली आणि ती दुखली म्हणून हळूच खाली सोडली. गुलाबराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. तीस वर्षं त्यांनी प्रयोगशाळेत पेशी वाढवल्या. पेशींना पाजायचं गुलाबी पाणी त्यांच्या कोटावर इतकं सांडलं, की धोबीही त्यांना याच नावाने ओळखू लागला.

आता ते तपासणीच्या खोलीत बसले होते. शेजारी बायको, समोर तरुण डॉक्टरीण. वीस पावलं चाललं की छाती आवळून यायची. संध्याकाळी बायको एकटी फिरायला जायची आणि हे खिडकीतून हात हलवायचे. त्यावर नवा उपचार निघाला होता. सर्दीच्या एका विषाणूची नांगी मोडायची, नव्या रक्तवाहिन्या फुटवणारं जनुक त्याच्या पाठीवर लादायचं आणि त्याला हृदयात सोडून द्यायचं.

"पण आजोबा, शरीराला पाठीवरचं ओझं दिसत नाही, विषाणूचं कातडं दिसतं," डॉक्टर म्हणाली. "त्याच्याशी आधी गाठ पडली असेल तर ते ओळखतं आणि अंगावर धावून जातं. मग ताप, दाह, यकृताला सूज. तुमचा रक्ताचा अहवाल काठावर आहे, धड इकडे नाही, धड तिकडे नाही. म्हणून विचारते. याच विषाणूने डोळेही येतात. तुमचे कधी आले होते?"

'हो' म्हटलं की उपचाराच्या यादीतून नाव कटणार आणि जन्मभर खिडकी. गुलाबरावांनी बायकोकडे बघायचं टाळलं.

"तीच तर गंमत! हाच विषाणू आम्ही बाटल्यांत वाढवायचो. ज्या काचेच्या पेटीत हे काम चालायचं, तिचा पंखा एकदा फिटरने उलटा बसवला. आतली हवा थेट आमच्या तोंडावर! चौथ्या दिवशी साहेबांचे डोळे आले, शिपायाचे आले, पिंजऱ्यातला एक उंदीर तर मला डोळा मारायला लागला."

"आणि तुमचे?"

"विषाणू नाकापर्यंत आले होते हो. पण कोट बघून म्हणाले, अरे, हा तर आपल्याला रोज जेवू घालणारा! खाल्ल्या अन्नाला जागले आणि गेले माघारी."

डॉक्टरला हसू आवरेना. तिने कागदावर पेन टेकवलं. गुलाबरावांनी इथेच थांबायचं होतं. पण ते साल आठवलं की त्यांना थांबता येत नसे.

"सगळ्यांचे डोळे आले आणि माझे गेले, बाटल्या धुण्याच्या खोलीकडे," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज आपोआप उतरला. "तिथे सदा वाफ. लाकडी मांडणीवर उलट्या बाटल्या टपटप गळायच्या. त्या वाफेत एक मुलगी बाह्या दुमडून उभी असायची. बाटली धुऊन झाली की उजेडाकडे धरून बघायची, मग कानाशी नेऊन टिचकी मारायची. म्हणायची, तडा गेलेली बाटली खोटं बोलत नाही. डोळे आल्यावर तिला काही दिसेना, तरी नुसत्या टिचकीवर बाटल्या निवडायची. मी दारात उभा राहून ऐकत बसायचो. काम सोडून, डॉक्टरबाई! पेशी उपाशी मेल्या माझ्या."

बायको पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत होती. तिच्या गालावर पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं काहीतरी उमटून गेलं. ते दिसलं आणि गुलाबरावांना आणखीच चेव आला.

"तिच्या डोळ्यांत औषध घालायला सगळे घाबरायचे. मी गेलो. माझी नजर त्या वेळी घारीसारखी! आठ दिवस, दिवसातून चारदा. एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही."

"अहो, पुरे!" बायकोने पदर सोडला. "घारीसारखी म्हणे! सुजून सुपारीएवढे झाले होते तुमचे डोळे. पहिल्याच दिवशी अख्खी बाटली माझ्या नाकात ओतलीत! लिहा हो डॉक्टर. या माणसाचे डोळे आले होते. माझ्यापेक्षा दोन दिवस आधी!"