ऑक्टोबरातले साप

त्या सकाळी व्हर्ना टॉलेफसनने नेहमीसारखे दुकानाचे कुलूप काढले, शेगडी पेटवली, तिच्यावर कॉफीचे भांडे चढवले आणि बंदुकांच्या काचेच्या कपाटावरून फडके फिरवले. मोंटानातल्या कोल्टर फोर्क गावात तिच्या दुकानाहून जुने दुकान एकच, ते दारूचे. ऑक्टोबर संपत आला होता, शिकारीचा हंगाम तोंडावर होता आणि वर्षाची निम्मी कमाई याच दिवसांत व्हायची. पहिल्या गिऱ्हाइकाने काडतुसांचे चार डबे घेतले आणि कार्ड मशीनला टेकवले. मशीन दोनदा केकाटले आणि पडद्यावर लाल अक्षरे उमटली: नामंजूर.

व्हर्नाने कार्ड पुसून लावले. मग स्वतःचे कार्ड लावून पाहिले. तेही नामंजूर. शेवटी तिने मशीनवाल्या कंपनीला फोन केला.

"मॅडम, तुमचा व्यवसाय आता आमच्या धोरणात बसत नाही," पलीकडचा माणूस मधाळ आवाजात म्हणाला. "शस्त्रं आणि दारूगोळ्याचे व्यवहार आम्ही बंद केलेत."

"कालपर्यंत बसत होता की! माझ्याकडे सरकारी परवाना आहे, बाबा. तीस वर्षांत एक कागद इकडचा तिकडे झालेला नाही. तुमच्यापैकी कुणी येऊन पाहिलंय का माझं दुकान?"

"आम्ही कुणाच्याच दुकानात येत नाही, मॅडम. तुमचा दिवस चांगला जावो."

कुठल्या तरी लांबच्या शहरात काचेच्या इमारतीत बसून कुणी एक रेघ ओढावी आणि रेघेपलीकडच्या सगळ्यांना, भल्याला आणि बुऱ्याला, तोंडही न पाहता वाळीत टाकावे, हा न्याय कुठला? गावाने त्या दिवशी हाच प्रश्न विचारला, आणि गाव चुकत नव्हते. चोर सोडून संन्याशाला फाशी, असेच ते झाले होते. पण अन्याय झालेला माणूस इतका आपल्याच अन्यायाकडे बघत बसतो की समोर उभ्या असलेल्याचा चेहरा त्याला दिसेनासा होतो. ही गोष्ट त्या चेहऱ्याची आहे.

शेगडीजवळच्या बाकावर रोज सकाळी गार्थ स्प्रूल येऊन बसायचा. पोस्टातून निवृत्त झालेला हा गृहस्थ पत्रे वाटायचा बंद झाला, तरी बातम्या वाटायचे त्याने सोडले नव्हते.

"मग व्हर्ना, आता काय? कोंबडी देऊन काडतुसं न्यायची का?"

"रोख पैसे देऊन न्यायची. आणि तू आजवर फुकट ढोसलेल्या कॉफीचे पैसे पण आण."

"घ्या! शहरवाले हिला छळणार आणि ही मला."

तिसऱ्या दिवशी सकाळी दाराची घंटा वाजली आणि ऑरिन पघ आत आला. गावातल्या निम्म्या लोकांना त्याने शाळेच्या बसमधून शाळेत पोचवले होते. गेल्या उन्हाळ्यात डोळे अधू झाले म्हणून त्याच्याकडून बस काढून घेतली होती. इस्त्रीचा शर्ट, दाढी घोटलेली, केस पाण्याने बसवलेले. कपाटासमोर उभा राहून तो म्हणाला, "एक पिस्तूल हवंय."

"कोणतं दाखवू?"

"कोणतंही चालेल. परसात साप फार झालेत."

बाहेर जमिनीवर बर्फाचा पातळ थर होता. गार्थ बाकावरून ओरडला, "ऑरिन, लेका, साप केव्हाच बिळात जाऊन झोपले! आता एप्रिलात ये."

सगळे हसले. ऑरिनही हसला. व्हर्ना मात्र आपल्याच तंद्रीत होती. तिच्या तोंडाचा पट्टा चालू होता: त्या कंपनीने काय म्हटले, तिने काय सुनावले, आधीच्या दोन कंपन्यांनीही असेच हात कसे झटकले होते. बोलता बोलताच तिने कागद भरून घेतला. फोनवरून सरकारी तपासणी झाली. ऑरिनच्या नावावर उभ्या आयुष्यात साधा दंडही नव्हता.

ऑरिनने खिशातून कार्ड काढले.

"नाही चालत रे. हे बघ, तुला दाखवतेच त्यांचे प्रताप!" व्हर्नाने कार्ड हिसकावल्यासारखे घेतले आणि मशीनवर आपटले. मशीन दोनदा केकाटले. नामंजूर.

"रोख नाहीत माझ्याकडे," ऑरिन म्हणाला. काचेवर त्याची बोटे वाजत होती, ती थांबली. "मग राहू दे." तो वळला आणि दारापर्यंत गेला. दाराच्या मुठीवर हात ठेवताना त्याने सुस्कारा टाकला. ओझे उतरलेल्या माणसाचा असतो, तसा.

आणि व्हर्नाने त्याला हाक मारली.

"ए, थांब! कुठे चाललास? त्या शहरवाल्यांच्या नाकावर टिच्चून घेऊन जा. पैसे दे सवडीनं. तुझा शब्द मला मशीनपेक्षा खरा वाटतो."

ऑरिन परत आला. त्याने पिस्तूल घेतले आणि सोबत काडतुसांचा सर्वांत लहान डबा. "पुरेल एवढा," तो म्हणाला. शेजाऱ्याला शेजाऱ्याने अडीनडीला उधार द्यावे ही तिथली जुनी रीत. व्हर्नाला त्या दिवशी आपण फार मोठे काम केले असे वाटले. दुपारी ती शीळ घालत होती.

दुसऱ्या दिवशी ऑरिनच्या अंगणात शेरीफची गाडी उभी होती.

गावाने रीतीप्रमाणे सगळे केले. चर्च भरले, भजने झाली. बायकांनी बटाटे आणि मांस घालून भाजलेल्या हॉटडिशची भांडी पघांच्या ओसरीवर नेऊन ठेवली. पाद्री 'अपघात' म्हणाला, सगळ्यांनी मान हलवली. झाकली मूठ सव्वा लाखाची. व्हर्नानेही आपले भांडे ओसरीवर ठेवले आणि ऑरिनची बायको नादीन दार उघडायच्या आत ती गाडीत जाऊन बसली.

मशीनची तार तिने काढून टाकली आणि त्याच्यावर फडके घातले. तरी ते वाजायचे. भर दुपारी, दुकानात चिटपाखरू नसताना, दोनदा. घरी बटाटे सोलताना, चर्चमध्ये डोळे मिटल्यावर, दोनदा. पाठोपाठ काचेवर बोटे वाजायची आणि घंटेखाली इस्त्रीच्या शर्टातली पाठ उभी दिसायची. त्या मशीनला अक्कल नव्हती, माया नव्हती, ऑरिन कोण हे त्याला ठाऊकही नव्हते. पण 'नाही' ते म्हणाले होते. 'हो' व्हर्ना म्हणाली होती, आणि तिला तर ऑरिन चाळीस वर्षे ठाऊक होता.

तिचा नवरा इव्हार जिवंत असताना म्हणायचा, "कागद स्वच्छ आणि पैसे खरे, की पुढचं गिऱ्हाइकाचं आणि देवाचं. आपण दुकान चालवतो, चर्च नाही." सगळा मुलूख याच शहाणपणावर चालत आला होता. कुणी कुणाला विचारायचे नाही. पुरुषाला तर नाहीच नाही.

नोव्हेंबरात एके सकाळी गार्थ बर्फ झटकत आत आला. "नादीननं तिच्या साऱ्या कोंबड्या मला देऊन टाकल्या. फुकट! मी म्हटलं, अगं, पैसे तरी घे. तर म्हणते, मला काय करायच्यात? आता माझ्याकडे अंडीच अंडी. व्हर्ना, अंड्यांवर काडतुसं देतेस का?"

"चल, ऊठ. शिकारीला जा म्हणजे डोकं थाऱ्यावर येईल," व्हर्ना म्हणाली, आणि तो गेला.

तो गेल्यावर तासाभराने घंटा वाजली. दारात नादीन होती. चर्चला घालायचा निळा कोट, केस नीट विंचरलेले. तिने पाकीट काढून काचेवर ठेवले.

"ऑरिनचे राहिलेले पैसे. शेरीफच्या माणसानं सांगितलं, पावती उधारीची होती."

व्हर्नाने पाकीट परत ढकलले. "नादीन, मला नकोत ते. देवाशपथ नकोत."

"आमच्याकडे कुणाचं काही ठेवत नाहीत," नादीन शांतपणे म्हणाली. "घे. आणि त्याच पिस्तुलाच्या काडतुसांचा एक डबा दे. लहानातला. शेरीफनं पिस्तूल परत केलंय."

"कशासाठी?"

इतक्या वर्षांत त्या दुकानात हा प्रश्न कुणी अशा आवाजात विचारला नव्हता.

"कोल्हा येतो कोंबड्यांवर," नादीन म्हणाली.

शेगडीत लाकूड तडकले. व्हर्नाला फडक्याखालचे मशीन स्पष्ट ऐकू आले, दोनदा. काचेवर नादीनची बोटे वाजत होती. इस्त्रीचा शर्ट, निळा कोट. परसातले साप, नसलेल्या कोंबड्या.

व्हर्ना कपाटाला वळसा घालून बाहेर आली. गिऱ्हाईक असताना ती कधी अशी बाहेर आली नव्हती.

"नादीन, कोंबड्या तर गार्थकडे आहेत."

नादीनने पाकीट काचेवरून पुढे सरकवले.

"तू जीव द्यायला निघालीयस का?"

हे शब्द उच्चारणे तिला फार जड गेले. नादीनच्या चेहऱ्यावर रक्त धावून आले.

"तुला काय अधिकार?" ती किंचाळली. "त्याला विचारलंस? तो इथंच उभा होता ना? त्याला विचारलंस का?"

"नाही विचारलं," व्हर्ना म्हणाली. "तो निघाला होता. दारापर्यंत गेला होता गं. मी हाक मारून परत बोलावला आणि हातात दिलं. म्हणून तुला विचारतेय. दे शिव्या, पण डबा मिळणार नाही. आज नाही, उद्या नाही."

नादीन बाकावर मटकन बसली. शेगडीकडे बघत ती बोलली. "ऑगस्टमध्ये माझ्या भावानं ऑरिनच्या सगळ्या बंदुका उचलून नेल्या. मीच सांगितलं होतं. बस गेल्यापासून तो झोपत नव्हता. मी लोकांना सांगायची, पाठ दुखते त्याची. तुला एक फोन केला असता, की याला काही देऊ नकोस... लाज वाटली. बस-ड्रायव्हर ऑरिनला वेड लागलं असं म्हणाले असते ना!"

"म्हणाले असते," व्हर्ना म्हणाली. "मीसुद्धा म्हणाले असते."

मग दोघी रडल्या. भर हंगामात, भर सकाळी, व्हर्नाने दुकानाला कुलूप लावले; याआधी असे एकदाच झाले होते, इव्हारला पुरले त्या दिवशी. नादीनच्या गाडीतून शेरीफच्या शिक्क्याची, पिस्तूल ठेवलेली कागदी पिशवी काढून तिने मागच्या तिजोरीत टाकली आणि नादीनला जिल्ह्याच्या गावी डॉक्टरकडे नेले. ती थंडी नादीनने व्हर्नाच्या घरी काढली. लगेच हसूखेळू लागली असे नाही. पण मार्चमध्ये गार्थकडे जाऊन तिने आपल्या कोंबड्या परत मागितल्या.

दरम्यान चौथी एक कंपनी दुप्पट दलाली घेऊन व्हर्नाचे पैसे वळते करायला तयार झाली होती. काचेवर नवे मशीन आले. एका बर्फाच्या सकाळी गार्थ बाकावर बसला असताना एक अनोळखी माणूस आत आला, तेलाच्या विहिरींवर काम करणारा असावा.

"एक पिस्तूल द्या."

"कोणतं?"

"कोणतंही."

गार्थचा कप ओठांपाशी थांबला. व्हर्नाने कपाटाची किल्ली एप्रनच्या खिशात टाकली आणि त्या माणसाच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले.

"कशासाठी हवंय, बाबा?"

"तुम्हाला काय करायचंय? कार्ड आहे माझ्याकडे. पैसे देतोय ना?"

"पैसे देशील रे. पण मी विचारल्याशिवाय देत नाही, आणि उत्तर पटल्याशिवाय तर नाहीच."

"अजब दुकान आहे!" तो पुटपुटला आणि तरातरा दारापर्यंत गेला. मुठीवर हात ठेवून तो क्षणभर तसाच उभा राहिला. ती पाठ तिच्या ओळखीची होती.

"ए, थांब," तिने हाक मारली. "बाहेर गारठा आहे. कॉफी तरी घेऊन जा."

तो वळला नाही, पण मूठही त्याने फिरवली नाही. मग हळूच त्याने टोपी काढली. गार्थने बाकावर सरकून त्याला जागा करून दिली.