धडा पाचवा : बाही

“खालची ओळ वाचा,” डॉक्टर म्हणाले.

मशीनकाकांनी वाचली. तिच्याखाली कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत छापखान्याचं नाव होतं, तेही कुणी विचारलं नसताना वाचून टाकलं. डॉक्टर हसले.

“आता टीव्ही बघितला तर चालेल ना?” काकांनी विचारलं.

“खुशाल बघा.”

काका खुर्चीवरून उठले ते थेट जिन्याकडे निघाले. चिठ्ठी, थेंबांची बाटली, काळा चष्मा असं सगळं गोळा करत मुलगा मागून धावला. “बाबा, हळू. टीव्ही काय पळून जातोय?”

काकांनी चाळीस वर्षं लोकांची शिलाई मशीनं दुरुस्त केली. त्यांची बायको शिवणवर्ग चालवायची, सगळं गाव तिला बाई म्हणायचं. तिच्या मशीनचा दोरा सारखा तुटतो म्हणून पहिल्यांदा बोलावणं आलं तेव्हा काकांना दोष दारातूनच कळला होता, तरी त्यांनी दुरुस्तीसाठी तीन फेऱ्या घातल्या. तिसऱ्या फेरीला ती म्हणाली, “मशीन केव्हाच नीट झालंय, तुमचं काय बिघडलंय ते सांगा.” लग्न जमलं ते असं.

गावातल्या केबलची स्वतःची एक छोटीशी वाहिनी होती. तिच्यावर बाईंनी शिवणाचे बारा धडे दिले. वाहिनीकडे दाखवायला फारसं काही नसायचं, त्यामुळे रविवार सोडून रोज दुपारी तीनला एक धडा लागायचा आणि बारावा संपला की पुन्हा पहिला. चार वर्षांपूर्वी बाई गेल्या. धडे चालू राहिले. ज्या दिवशी काका स्मशानातून घरी आले, त्या दिवशीही तीन वाजता ती काज कसं करायचं ते सांगत होती. सून घाईघाईनं टीव्ही बंद करायला उठली तर काका म्हणाले, “असू दे.”

मग काकांनी डोकं लावलं. एका जुन्या कॉम्प्युटरला ट्यूनर जोडला. केबलची वायर त्यात खुपसली की वाहिन्या आपोआप यायच्या, केबल कंपनीचा सेट-टॉप डबा लागायचा नाही. ट्यूनरला दुपारी तीनची वेळ लावून दिली. तीनला त्यावरचा लाल दिवा लागायचा, पाऊण तासानं विझायचा आणि त्या दिवसाचा धडा आत जाऊन बसायचा. डिस्कवर जागा बाराच धड्यांची होती. काकांनी बारा खण केले, प्रत्येकाला स्वतः टाइप करून नाव दिलं. पाचव्याची पाळी पुन्हा आली की जुना पाचवा पुसून त्या जागी नवा बसायचा. सगळा माल कायम ताजा.

“कुठंतरी आणखी एक प्रत काढून ठेवा,” मुलगा एकदा म्हणाला होता.

“रोज दूध येतं त्या घरात कुणी दूध साठवून ठेवतं का?” काकांनी त्याला गप्प केलं होतं. वाहिनीच्या ऑफिसात जाऊनही ते ऐटीत सांगून आले होते, “बाराच्या बारा माझ्याकडे आहेत. तुमची टेप अडकली तर या माझ्याकडे.”

दोन वर्षांत डोळ्यांवर सायीसारखं काहीतरी आलं. आधी टाके दिसेनासे झाले, मग तिची बोटं, शेवटी चेहराही पुसट झाला. फोटो होता घरात, पण फोटोतली बाई कुणाशी बोलत नाही. काकांना ऑपरेशनची धास्ती होती. तरी एके दिवशी ते आपण होऊन डॉक्टरांकडे गेले. “बायको नीट दिसत नाही,” म्हणाले. डॉक्टरांना वाटलं, ती बाहेर बसली असेल.

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात पडद्याच्या तळाशी एक पांढरी पट्टी सरकायला लागली होती. नेमकी तिच्या हातांवरून. काका वैतागले. “काय लिहिलंय रे त्यात?” त्यांनी मुलाला विचारलं. मुलगा फोनमध्ये होता. त्यानं मान वर केली, न केली. “जाहिरात असेल हो बाबा.”

त्यानंतर दोन्ही डोळे पाठोपाठ झाले. डॉक्टर कडक होते. पंधरा दिवस वाचन नाही, टीव्ही नाही. काका म्हणाले, नुसता आवाज ऐकतो. मुलगा म्हणाला, “आवाज ऐकलात की डोळा उघडणारच तुमचा.” ते खरंच होतं, म्हणून काकांनी हट्ट केला नाही. काळा चष्मा लावून ते रोज तीनला कॉम्प्युटरसमोर बसायचे. पडदा बंद असायचा. लाल दिवा लागायचा. काळ्या काचेतूनही तो दिसायचा. आज कॉलर, आज खिसा, असं मनाशी म्हणत पाऊण तास बसायचे आणि दिवा विझला की समाधानानं उठायचे.

दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी चपलाही काढल्या नाहीत. यादी उघडली. बाराच्या बारा ओळी होत्या, सगळी नावं जागेवर. इतकी स्वच्छ अक्षरं त्यांनी कितीतरी दिवसांनी पाहिली. त्यांनी ‘धडा पाचवा : बाही’ लावला, कारण त्यात ती एकदा कॅमेऱ्याकडे बघून हसते.

पडदा काळा होता. काकांनी वायर हलवून पाहिली, आवाज वाढवला. सहावा लावला. काळा. पहिला लावला, बारावा लावला. प्रत्येक पाऊण तासाचा, मोजून मापून, आणि आत काही नाही.

मुलानं कंपनीला फोन लावला. बोलणं ऐकता ऐकता त्याचा आवाज उतरला. “बाबा, एक तारखेपासून त्यांनी सगळ्या वाहिन्यांना कुलूप घातलंय. त्यांचा डबा असेल तरच उघडतात. आपल्या ट्यूनरला वाहिनी मिळते, पण आतलं चित्र मिळत नाही.” मग कपाळाला आठ्या घालून म्हणाला, “पण ते म्हणतात आठवडाभर पट्टी फिरवली होती. तुम्ही वाचली नाहीत?”

“वाचता आली असती तर डोळे कशाला कापून घेतले असते?” काका म्हणाले.

मुलाला तेव्हा आठवलं. तो खाली बघत राहिला. काकांना त्याच्याकडे बघायला वेळ नव्हता, ते हिशेब करत होते. पंधरा दिवस, त्यांतले दोन रविवार. तेरा वेळा दिवा लागला होता. रोज त्यांच्या डोळ्यांदेखत एक एक धडा पुसला गेला आणि ते समोर बसून राखण करत होते.

वाहिनीचं ऑफिस अर्धं रिकामं झालेलं होतं. तिथला माणूस खुर्च्या टेम्पोत चढवत होता.

“कंपनीनं नवीन यादीत आम्हाला जागाच दिली नाही काका. मालकांनी कंटाळून बंदच करून टाकलं.”

“टेपा कुठं आहेत?”

“मागच्या आठवड्यात भंगारात गेल्या. बुरशी धरली होती.” काकांचा चेहरा बघून तो गडबडला. “शिवणाच्या टेपा मी बाजूला काढल्या होत्या, खरंच. पण म्हटलं, तुमच्याकडे बाराच्या बारा आहेत. तुम्हीच सांगून गेला होतात ना?”

काकांनी मान डोलावली. सांगितलं होतं खरं.

दुसऱ्या दिवशी मुलगा सकाळीच जाऊन कंपनीचा डबा घेऊन आला. स्वतः जोडला, रिमोट काकांच्या हातात दिला. “तीनशे वाहिन्या आहेत बाबा,” तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून बाहेर निघून गेला.

काकांनी तिच्या मशीनवरचं झाकण काढलं. दर महिन्याला तेल घातलेलं मशीन, लोण्यासारखं फिरत होतं. सुईत दोरा त्यांनी पहिल्या झटक्यात ओवला. कपाटातून तिनं बेतून ठेवलेलं एक कापड काढलं आणि पाचवा धडा आठवायला लागले. बाहीचा मध्य खांद्याच्या शिवणीवर ठेवा, ती म्हणायची. मग टाचणी लावा. मग पुढची बाजू आणि मागची बाजू, त्यात काहीतरी फरक असतो, तो ओळखायचा. तो कसा ओळखायचा, हे ती सांगायची. काय सांगायची?

चार वर्षांत हा धडा त्यांनी शंभर वेळा पाहिला होता. बाही कशी लावतात ते त्यांना येत नव्हतं. ते शिवण बघतच नव्हते. आणि तिचे शब्द पाठ करायची गरजही कधी पडली नव्हती, कारण ट्यूनर पाठ करत होता.

त्यांनी अंदाजानं बाही जोडली. उलटी लागली. उसवली, पुन्हा जोडली, पुन्हा उलटी. कापडाला भोकं पडली, ती आता अगदी स्पष्ट दिसत होती.

तीन वाजले. मागे लाल दिवा लागला.