तिला झेपेल का?

ऑगस्ट लागला की कॉलेजच्या एनसीसीत नव्या नेमणुका व्हायच्या. त्या वर्षी मुलींची सीनियर अंडर ऑफिसर, म्हणजे सगळ्या कॅडेटांची प्रमुख, कोण होणार याबद्दल कुणाला शंका नव्हती. रत्नागिरीच्या राजिवडा बंदरावरची नबीला होणार. मैदानाच्या या टोकाला ती 'सावधान' म्हणाली की त्या टोकाला पायरीवर टवाळक्या करत बसलेली पोरंसुद्धा पाय जुळवायची.

मनस्वीही तेच धरून चालली होती. ती संगमेश्वराच्या आतल्या गावची, रत्नागिरीत आत्याकडे राहून शिकणारी. पहिल्या वर्षी भरतीच्या रांगेत ती एकटीच भिंतीला टेकून उभी होती, तेव्हा नबीलाने तिचा हात धरून तिला आपल्या बाजूला ओढलं होतं. तेव्हापासून दोघी एकत्र. बुटांना पॉलिश करायला, कॅम्पला बॅग भरायला नबीलाने शिकवलं. नबीलाचे अर्ज, जर्नलं, हजेरीचे तक्ते मनस्वीने लिहिले. मनस्वीचं अक्षर मोत्यासारखं होतं, कामात चूक नसायची. आवाज मात्र लहान होता.

एनसीसी बघायच्या लेफ्टनंट खानविलकर मॅडम. एरवी त्या भूगोल शिकवायच्या. त्यांनी शेवटच्या वर्षाच्या मुलींना एकेकीला आपल्या विभागात बोलावलं.

"स्वतःला सोडून सांग," त्या मनस्वीला म्हणाल्या, "प्रमुख कोणाला करावं?"

"नबीलाला, मॅडम."

"मलाही तसंच वाटतं. तू तिला जवळून ओळखतेस. काही अडचण दिसते का तुला?"

मॅडमच्या समोर एक कागद होता. त्यावर पेन्सिलने दोनच नावं लिहिलेली. वर नबीलाचं, त्याखाली मनस्वीचं. मनस्वीने ते उलटं वाचलं आणि तिचे कान गरम झाले. आपण इतक्या जवळ आहोत, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"अडचण नाही, मॅडम," ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, "फक्त फेब्रुवारीत रमजान येतोय. 'सी' सर्टिफिकेटची परीक्षा, ड्रिलची तयारी, सगळं तेव्हाच. ती दिवसभर पाण्याचा थेंब घेत नाही. तिला झेपेल का, एवढीच काळजी वाटते."

मॅडमनी पेन्सिल उचलली. "हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं गं. बरं झालं सांगितलंस. किती विचार करतेस तिचा!"

आधीच्या मार्चमध्ये 'बी' सर्टिफिकेटची परीक्षा झाली होती, तीही रमजानातच. कातळावरच्या त्या मैदानात अकराच्या उन्हात दोन तास ड्रिल चाललं. चक्कर आली होती ती मनस्वीला. तिला सावलीत नेऊन बसवलं, तोंडावर पाणी मारलं, बाटली तिच्या ओठांना लावली ती नबीलाने. स्वतःचा रोजा होता, हे तेव्हा ती बोललीसुद्धा नव्हती. परत जाऊन तिने अख्ख्या तुकडीचं ड्रिल पूर्ण केलं होतं. मॅडमच्या समोर बोलताना मनस्वीला यातलं सगळं आठवत होतं.

शनिवारी परेड संपल्यावर मॅडमनी यादी वाचली. सीनियर अंडर ऑफिसर, मनस्वी. क्वार्टर मास्टर, नबीला. क्वार्टर मास्टर म्हणजे स्टोअर सांभाळणारी: गणवेश, बूट, बेल्ट, टोप्या. रांगेत कुजबुज झाली. सगळ्यांत आधी नबीलानेच टाळ्या वाजवल्या, आणि रांग मोडल्यावर धावत येऊन मनस्वीला मिठी मारली.

"अगो, पेढे कधी देतेस?" ती म्हणाली. तिचे डोळे लाल होते, पण ती हसत होती.

मनस्वीला वाटलं, निभावलं. आता हिला कधी कळायचं नाही.

पण मंगळवारी मॅडमनीच नबीलाला बोलावून सांगितलं. अगदी मायेने सांगितलं. वाईट वाटून घेऊ नकोस, तुझ्या लायकीचा प्रश्नच नाही, उपासात तुझी ओढाताण नको म्हणून केलं. तुझ्या मैत्रिणीनेच ते लक्षात आणून दिलं, नाहीतर माझ्या हातून चूक झाली असती.

दुपारी मनस्वी खांद्यावरचा नवा रँक घ्यायला स्टोअरमध्ये गेली. नबीलाने तो टेबलावर ठेवला, रजिस्टर उघडून पुढे केलं.

"सही कर."

मनस्वीने सही केली. "काय झालं गो?"

"मार्चमध्ये चक्कर कोणाला आली होती?"

मनस्वीने पेन खाली ठेवलं. "मी वाईट नाही बोलले काही. खरंच सांगते. मला फक्त काळजी–"

"काळजी होती तर मला विचारलं असतंस. मॅडमना नसतं सांगितलंस." नबीलाचा आवाज चढला नाही. "'मी नबीलापेक्षा चांगली आहे', असं म्हणाली असतीस ना, तरी मी पेढे खाल्ले असते. तू माझा रोजा काढलास मधे. माझ्या अब्बांचं गलबत आहे, मनस्वी. रोजे धरून जाळी ओढतात ती माणसं. झेपेल का म्हणे!"

तिने रजिस्टर मिटलं आणि बुटांच्या खोक्यांकडे वळली.

मनस्वी दुसऱ्या दिवशी मॅडमकडे गेली. रात्रभर तिने वाक्य जुळवलं होतं. "मॅडम, नबीलाला झेपलं असतं. गेल्या वर्षी रोजे असतानाच तिने परीक्षा दिली. मी उगाच बोलले."

मॅडमनी वहीतून मान वर केली आणि हसल्या. "मला कळतंय तुला कसं होतंय ते. मैत्रिणीला मागे टाकून पुढे गेल्यासारखं वाटतंय ना? हाच तुझा चांगुलपणा. अशाच मुलीच्या हातात तुकडी द्यायला हवी. यादी आता वर गेली आहे. जा, कामाला लाग."

अजून एक वाक्य बोलायचं बाकी होतं: मॅडम, मी कागदावरची नावं वाचली होती. ते तिच्या जिभेवर आलं होतं. तिने "येस मॅडम" म्हटलं, सावधान झाली आणि बाहेर पडली.

पंधरा ऑगस्टला आडवा पाऊस होता. मनस्वी परेडच्या पुढे उभी राहून ओरडली, पण वाऱ्याने तिचा शब्द मागच्या रांगांपर्यंत जाऊच दिला नाही. 'दाहिने मुड' म्हटल्यावर अर्ध्या वळल्या, अर्ध्या तशाच उभ्या राहिल्या. मागे पहिल्या वर्षाच्या मुली होत्या. त्या एकमेकींकडे बघू लागल्या. मंचावर प्राचार्य, पाहुणे. मनस्वीने पुन्हा तोंड उघडलं आणि घशातून नुसती हवा आली.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून नबीलाचा आवाज उठला. तिने हुकूम पुन्हा दिला, रांगा वळल्या, आणि मंचासमोरून जाईपर्यंत 'बाएँ, दाएँ, बाएँ' करत तिने सगळ्यांची पावलं एकत्र धरून ठेवली. प्राचार्यांनी नंतर मनस्वीशी हस्तांदोलन केलं. "उत्तम संचलन," ते म्हणाले.

मनस्वी धावत स्टोअरकडे गेली. नबीला ओल्या टोप्या दोरीवर टाकत होती.

"तू होतीस म्हणून झालं आज."

"तुझ्यासाठी नाही केलं मी," नबीला म्हणाली. "नवीन पोरी होत्या मागे. त्या रडल्या असत्या."

संध्याकाळी मुंबईहून वडिलांचा फोन आला. महिपत तिकडे एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन होते. आत्याने परेडचा व्हिडिओ काढून पाठवला होता.

"बाय, काय आवाज गो तुझा!" ते म्हणाले. "पावसात पण खणखणीत! सेक्रेटरी साहेबांना ऐकवला. गाडी थांबवून ऐकला त्यांनी. म्हणाले, महिपत, पोरगी नाव काढणार तुझं. आता रोज बघणार मी तो. तुझाच ना तो आवाज?"

मनस्वीला व्हिडिओ बघायची गरज नव्हती.

"होय बाबा," ती म्हणाली.

पुढचे सहा महिने नबीला तिच्याशी कामापुरतं बोलली. 'आठ नंबरचे बूट संपले.' 'यादीवर सही हवी.' मुलींसमोर ती मनस्वीला नेमक्या अदबीने हाक मारायची, सावधान होऊन उत्तर द्यायची. त्यात कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती. दोघींचा डबा एकत्र उघडणं बंद झालं. का, ते मनस्वीला कुणी विचारलं तर ती म्हणायची, वेळच मिळत नाही गो.

फेब्रुवारीत रमजान आला. पहिल्या दिवशी मॅडमनी नबीलाला सावलीत बसायची सूट दिली. तिने आभार मानले आणि ती रांगेत जाऊन उभी राहिली. रोज सकाळी सातला ती सगळ्यांच्या आधी मैदानावर असायची.

मनस्वी तिच्यावर नजर ठेवून होती. तिला वाटायचं, आपल्याला हिची काळजी आहे. पंधराव्या-सोळाव्या रोजाला ऊन फार होतं. धावण्याच्या चौथ्या फेरीत नबीलाचा पाय किंचित अडखळला आणि मनस्वीची छाती एकदम हलकी झाली. पड, असं ती मनात म्हणाली. एकदाच पड. म्हणजे मी बोलले ते थोडं तरी खरं होतं.

नबीला सावरली. पाचवी फेरी पूर्ण करून ती रांगेत आली, कपाळ बाहीने पुसलं आणि समोर बघत उभी राहिली.

मनस्वीने पुढचा हुकूम द्यायला हवा होता. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. तिच्या जिभेवर मात्र अजून तोच एक शब्द होता: पड.