पहिली टेप

“हा दिवा सकाळपासून असाच नारिंगी आहे का, अतुल?”

डॉ. हिमानी सर्व्हरच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. पूर्वी या खोलीत दवाखान्याच्या चादरी ठेवायचे. आता आत एक उंच लोखंडी कपाट होतं, एक कुरकुरणारा एसी होता आणि गुडघ्यावर लॅपटॉप घेऊन स्टुलावर बसलेला अतुल गजभिये.

“हाव मॅडम. एक डिस्क गेली.”

“आणि बाकीच्या?”

“तीन आहेत. त्यांच्यावरच चालून राहिलं सगळं.”

“त्यातली अजून एक गेली तर?”

“मग सगळंच गेलं, मॅडम.” सौसरच्या या किडनीच्या दवाखान्याचा सगळा कारभार या एका मशीनमध्ये होता. बाहेरून ते एक दिसत असलं, तरी आत तीन वेगवेगळे संगणक चालत: एक नावनोंदणीचा, एक पॅथॉलॉजीचा आणि एक डायलिसिसचा. एक डिस्क गेली तर उरलेल्या तिघी तिचा भार उचलतात. दुसरी गेली की तिन्ही संगणक एका क्षणात संपतात.

शेजारच्या जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात मध्यंतरी व्हायरस शिरला आणि सगळ्या फायलींना कुलूप लागलं. नेटवर्कवर ठेवलेल्या त्यांच्या प्रतीही गेल्या. तेव्हापासून अतुल टेपच्या मागे लागला होता. जाड कॅसेटसारखी टेप, प्रत काढायची, बाहेर काढून डब्यात ठेवायची. तारेने कशालाच जोडलेली नाही, मग कोणता व्हायरस तिच्यापर्यंत पोहोचणार? दवाखाना चालवणाऱ्या ट्रस्टने शेवटी मान डोलावली. टेपचं यंत्र काल रविवारी बसलं, आणि आज पहिली प्रत निघायच्या आधीच डिस्क गेली.

“पण टेप झाली, मॅडम,” अतुल म्हणाला. त्याने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. हिरव्या रंगात ‘यशस्वी’ असं आलं होतं. “आता नागपूरहून कम्प्युटरच्या दुकानातला नितीन नवी डिस्क घेऊन येऊन राहिला. तो आला की बसवून टाकू. टेन्शन नाही.”

“उघडून पाहिली?”

“काय?”

“टेप. तिच्यावर काय उतरलं ते.”

“यशस्वी म्हणून तर लिहिलं आहे न, मॅडम.”

“पेशंटच्या रिपोर्टवर नॉर्मल लिहिलेलं असतं, तरी मी पायाला हात लावून सूज पाहते,” डॉ. हिमानी म्हणाल्या. “एकदा पाहून घे. मी इथंच थांबते.”

अतुलला जरा राग आला, पण तो उठला. ऑफिसातला एक जुना संगणक त्याने ओढून आणला आणि टेपवरून एकेक गोष्ट त्यावर उतरवायला घेतली. नावनोंदणी आली, चालू झाली. पॅथॉलॉजी आली. डायलिसिसही आलं. ओळखीचा निळा पडदा उघडला. अतुलने पेशंटच्या यादीवर क्लिक केलं.

यादी कोरी होती.

त्याने पुन्हा क्लिक केलं. मग आत जाऊन सेटिंग पाहिलं, तेव्हा कारण कळलं. ज्या कंपनीने काही वर्षांपूर्वी हे बसवलं होतं, तिने पेशंटच्या नोंदी वेगळ्या जागी ठेवल्या होत्या, आणि त्या जागेवर अशी खूण केली होती की चालू संगणकाची प्रत काढताना ती वगळली जावी. टेपने आपल्याला सांगितलं तेवढं प्रामाणिकपणे उचललं होतं. घर आलं होतं, माणसं मागे राहिली होती.

“मॅडम, तुम्ही विचारलं नसतं तर…” तो एवढंच म्हणाला.

“ते राहू दे. आता काय करायचं?”

“डायलिसिसचा संगणक पूर्ण बंद करा लागते. बंद असला तरच त्या जागेची प्रत निघते.”

“आणि बंद केल्यावर परत सुरू झाला नाही तर?”

“तेच तर सांगता येत नाही. पण नाही केला आणि डिस्क गेली, तर प्रत्येकाचं कोरडं वजन गेलं समजा.”

कोरडं वजन म्हणजे अंगातलं जादा पाणी निघाल्यावर पेशंटचं जेवढं वजन राहायला हवं तेवढं. मशीनने किती पाणी ओढायचं ते त्यावरून ठरतं. कमी ओढलं तर छातीत पाणी भरतं, जास्त ओढलं तर माणूस पलंगावरच गार पडतो. ते वजन दर महिन्या-दीड महिन्याला बदलत जातं आणि कुणालाच तोंडपाठ नसतं.

“ठीक आहे,” डॉ. हिमानी म्हणाल्या. मग वळून वॉर्डकडे चालू लागल्या.

“दिपाली, आज जेवढे पेशंट आहेत त्यांचे चार्ट पडद्यावरून हाताने लिहून घे. वजन, औषध, सगळं. लिहिलेलं मला वाचून दाखव. मग अतुल संगणक बंद करेल.”

दिपाली सिस्टर पेन घेऊन बसली. खिडकीजवळच्या पलंगावर केसरबाई होत्या, हाताला नळ्या लावलेल्या. संत्र्याच्या बागेत उभी हयात गेलेली बाई, आता आठवड्यातून तीनदा इथे. त्यांनी अतुलला हाक मारली.

“काऊन रे बाबू, मशीन बंद करून राहिले का आमची?”

“नाही मावशी, तुमची मशीन चालूच राहील. फक्त कम्प्युटर बंद करून राहिलो.”

“मंग तोंड काऊन उतरलं तुयं?”

अतुल हसला, पण त्याला ते हसू जमलं नाही.

शेवटचा चार्ट वाचून झाला तशी डॉ. हिमानींनी मान हलवली. अतुलने संगणक बंद केला. टेप पुन्हा फिरू लागली. त्याच वेळी कपाटातून एक बारीक आवाज आला. टक्. थोडं थांबून पुन्हा, टक्. दुसऱ्या डिस्कचा दिवा लुकलुकायला लागला होता.

डिस्क अडखळली की टेपला खुराक पुरत नसे. मग ती थांबे, थोडी मागे जाई, पुन्हा पुढे येई. मागे-पुढे, मागे-पुढे. अतुलला तो आवाज आपल्या बरगड्यांतून येतोय असं वाटत होतं. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याने एसी आणखी थंड केला आणि दोन्ही हात गुडघ्यांत दाबून बसला.

फोन वाजला. नितीन होता.

“लोधीखेड्याच्या पुढं आलो भाऊ. पोहोचल्या पोहोचल्या डिस्क ठोकून देऊ.”

“नाही. दुसरी डिस्क पण टकटक करून राहिली. टेप होईपर्यंत कपाटाला हातही नाही लावायचा.”

“अबे, दुसरी मरून राहिली म्हणतो न तू? नवी लाव लवकर!”

“नवी लावली की बाकीच्यांना तिला सगळं वाचून द्यावं लागते. जी आताच धापा टाकून राहिली, ती तेवढ्यात जाईल. आधी टेप.”

“गेली तर तुया डोक्यावर येईल हं.”

“येऊ दे.”

त्याने फोन ठेवला. डॉ. हिमानी दारात आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. एक स्टूल ओढून त्या शेजारी बसल्या. दोघंही तो मागे-पुढे होणारा आवाज ऐकत राहिले. टक्. टेप थांबली. बराच वेळ थांबली. मग चालली.

शेवटी पुन्हा हिरवं ‘यशस्वी’ उमटलं. या वेळी अतुल आनंदला नाही. त्याने थेट जुन्या संगणकावर प्रत उतरवली आणि यादी उघडली. नावं आली. पडदाभर नावं.

“नावं आली, पण आतलं बरोबर आहे का कसं कळेल?” डॉ. हिमानींनी विचारलं.

“एखादा चार्ट असा पाहिजे की जो मला पाठ आहे,” अतुल म्हणाला. आणि त्याने टाइप केलं: प्रमिला गजभिये.

प्रमिला त्याची आई. दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचून तिने त्याला डिप्लोमा करवला. तिला पांढुर्ण्याहून बसने इथं आणता आणताच त्याला या दवाखान्यात नोकरी लागली होती. आईचं वजन तो स्वतः काट्यावर पाहायचा. ती जाऊन दोन दिवाळ्या झाल्या होत्या. तेव्हापासून त्याने हा चार्ट उघडला नव्हता.

ओळी खाली सरकत गेल्या. हा पोळ्याच्या आधीचा आठवडा, पाय सुजले होते तेव्हाचा. हा नवीन औषध दिलं तेव्हाचा. तो पुटपुटत वाचत होता आणि प्रत्येक आकडा जिथल्या तिथे होता. शेवटच्या ओळीत डायलिसिसच्या आधीचं वजन होतं. नंतरच्या वजनाचा रकाना कोरा होता.

डॉ. हिमानींनी त्या रकान्याकडे बोट केलं आणि अर्ध्यातच हात मागे घेतला. त्या दिवशी ड्यूटीवर त्याच होत्या.

“बरोबर आहे, मॅडम,” अतुल म्हणाला. “तेव्हाही कोराच होता.”

नितीन आला. नवी डिस्क बसवली आणि थोड्याच वेळात ती टकटकणारी दुसरी डिस्क कायमची थंड पडली. कपाटातले तिन्ही संगणक एकदम गेले. नावनोंदणीच्या खिडकीवर आरडाओरडा झाला, पॅथॉलॉजीवाले धावत आले. नितीनचं तोंड पांढरं पडलं.

“तुयं ऐकलं म्हणून वाचलो भाऊ,” तो म्हणाला.

“मॅडमचं ऐकलं म्हणून,” अतुल म्हणाला. “चल, सुटी डिस्क काढ दुसरी. सगळं नव्यानं लावू.”

नितीनने सुदैवाने जास्तीची डिस्क आणली होती. दिवस कलताना टेपवरून तिन्ही संगणक परत उभे राहिले. संगणक बंद असताना हाताने लिहिलेले आकडे भरायला दिपाली सिस्टर बसली. डॉ. हिमानींनी टेप प्लास्टिकच्या डब्यात घालून अतुलच्या हाती दिली.

“ही या इमारतीत ठेवू नकोस. घरी ने. उद्या दुसरी भरू.”

पांढुर्ण्याच्या बसमध्ये गर्दी होती. केसरबाईंनी आपल्या शेजारची जागा पिशवी ठेवून धरली होती.

“बस बाबू. वाटेत तिगावले सून येते घ्याले, तोवर मलेही सोबत होते.” त्यांनी डब्याकडे पाहिलं. “जेवला नाही का अजून? डबा तसाच दिसते.”

“जेवणाचा नाही मावशी. दवाखान्याचे कागद आहेत.”

“मंग आमचेही असतीन त्याच्यात.”

“हाव. तुमचेही आहेत.”

“नीट धर मंग,” केसरबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. डायलिसिसनंतर त्यांना अशीच झोप यायची. रस्ता खराब होता. बस आदळली की त्यांचा पट्टी बांधलेला हात खिडकीच्या गजाकडे जात होता. अतुलने डबा मांडीवर घेऊन एका हाताने दाबून धरला आणि दुसरा हात त्यांचा हात आणि गज यांच्या मध्ये ठेवला.