भिंतीवरून उतरवलेली बडगी

मित्रांनो, मी एक जुनी बडगी आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझं नावही ऐकलं नसेल, म्हणून आधी ओळख सांगते. जाड ओंडका मधोमध कोरून केलेलं, होडीसारखं दिसणारं मी एक भांडं. आमच्या जळगावकडे भाजलेली वांगी माझ्यात घालून लाकडी मुसळानं ठेचतात आणि त्यांचं भरीत करतात. माझी गोष्ट गोड नाही. पण देवाला स्मरून, जे घडलं तेच सांगते.

पहूरला एका शेताच्या बांधावर कडुनिंबाचं झाड होतं. ते वावटळीत पडलं आणि चिंधा मिस्तरींनी त्याच्या बुंध्यातून मला कोरून काढलं. आठ दिवस ते माझ्या अंगावर वाकले होते. मग मला पोटभर गोडं तेल पाजलं आणि उन्हात ठेवलं. लाकडाची एक खोड असते, मित्रांनो. त्याला जे पाजाल ते पितं. नको म्हणता येत नाही.

बेबाबाईच्या वडिलांनी मला लेकीच्या लग्नात आंदण दिलं आणि एसटीच्या टपावर बसून मी तिच्या सासरी, फैजपूरला आले. तिच्या मालकांची, म्हणजे शालिग्राम नानांची, केळीची बाग होती. थंडी पडली की बागेत भरताचं जेवण व्हायचं. कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, पऱ्हाट्यांच्या, जाळावर हिरवी वांगी भाजायची, सालं काढून गरम गरम माझ्या पोटात पडायची, वर लसूण, हिरवी मिरची. मग बेबाबाई पदर खोचून बसायची आणि ठेचायला लागायची. मिरचीनं माझं अंग आतून चुरचुरायचं. पण पंगतीतून "अजून वाढा" ऐकू आलं की सगळं विसरायला व्हायचं.

बेबाबाई फार व्रताची बाई. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, काही सुटायचं नाही. चातुर्मास लागला की तिचं वांगं बंद, ते थेट चंपाषष्ठीपर्यंत. त्या दिवशी खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवायचा, मग पहिला घास. घरच्यांसाठी मधे भरीत करावं लागलं तर करायची, पण चव घ्यायची नाही. चवच काय, वासही नाही. "वास घेतला म्हणजे अर्धं जेवणच झालं," असं ती म्हणायची आणि नाकावर पदर बांधून ठेचायची. मीठ तिच्या बोटांना कळायचं. कधी चुकलं नाही.

नाना मात्र बारा महिने भरीत खात. कोणी टोकलं तर म्हणत, "खंडोबाचं अन् माह्यं बोलणं झालं हाये. तो म्हणे, तुह्या घरची उपास करते, तू खाय."

पुढे घरात मिक्सर आला आणि मी खाटेखाली गेले. माझ्यात कांदे ठेवू लागले. वाईट वाटलं, पण कांद्यांचीही सोबत असते. मुलगा पियुष मोठा झाला, नूतन सून होऊन आली. नूतनला नवं नवं करायची हौस. तव्यावर पिझ्झा काय, पनीरचे प्रकार काय. रविवारी सगळे भुसावळला नाहीतर जळगावला हॉटेलात जेवायला जायचे. परत आल्यावर नाना ओसरीवर बसून निकाल द्यायचे, "चार भाज्यांची चार नावं, अन् बठ्ठ्या एकाच रश्श्यात बुडवलेल्या."

दुपारी टीव्हीवर रांधायचा कार्यक्रम लागायचा. सासू-सुना दोघी पुढ्यात वही घेऊन बसायच्या. बेबाबाईचा उपास असला तरी तो कार्यक्रम चुकायचा नाही.

"उपाशी माणसानं जेवणाचा सिनेमा पाहू नये वं," नाना चिडवायचे.

"डोळ्यांचा उपास नाही माह्या," ती हळूच म्हणायची.

त्या कार्यक्रमातली मोनाली नावाची मुलगी गावोगाव जायची, कोणाच्या चुलीपुढे बसायची, एक घास खायची आणि डोळे मिटायची. ते पाहताना बेबाबाईचा हात वहीवर थांबायचा. नानांना ते कळायचं. मी खाटेखाली होते, मलाही कळायचं. एकदा नाना म्हणाले, "तुह्यं भरीत त्या टीव्हीत दिसलं पाहिजे. मी पाहीन तठीच बसून."

मग पियुषनं धुळ्याला, देवपुरात, खान्देशी जेवणाचं हॉटेल काढलं. त्याला नावही माझंच दिलं. मला न्यायला आला तेव्हा म्हणाला, "आई, हिला आता कष्ट नाहीत. भिंतीवर शोभेला लावतो." बेबाबाईनं मला पदरानं पुसलं. लेक सासरी पाठवावी तसं पुसलं.

पियुषनं मला पितांबर नावाच्या पॉलिशवाल्याकडे टाकलं. त्यानं बाहेरून चकाकी आणली आणि वाळवी लागू नये म्हणून आतून औषध मारलं. एक हात, मग वाळल्यावर दुसरा हात. मी प्यायले. मी काय करणार होते? पियुष न्यायला आला तेव्हा पितांबर स्पष्ट बोलला, "शेठ, आता हिच्यात खायची वस्तू ठेवायची नाही हां." पियुष फोनवर होता, हॉटेलात दिवे लावणाऱ्याशी वाद घालत होता. त्यानं मान हलवली. ती मान पितांबरला होती की फोनला, हे आजही मला कळलेलं नाही.

आठ महिने मी भिंतीवर होते. लोक माझ्याखाली उभे राहून फोटो काढायचे आणि मिक्सरमधलं भरीत खाऊन जायचे.

आणि एक दिवस तो फोन आला. नानांनीच कोणाकोणाकडून नंबर मिळवून महिनोन्‌महिने पाठपुरावा केला होता. मोनाली येणार होती. ती आली त्या दिवशी चंपाषष्ठीला अजून तीन दिवस होते.

नाना इस्त्रीची टोपी घालून हॉटेलात आले. बेबाबाईनं लग्नातलं गर्भरेशमी लुगडं नेसलं होतं. वांगी भाजून तयार होती. कॅमेऱ्यामागचा माणूस भांडी बघून म्हणाला, "हे स्टीलचं पातेलं नको हो. भिंतीवरची ती काढा ना. तीच खरी."

पियुषनं स्टूल घेतलं आणि मला उतरवलं.

"धुतली का रे?" बेबाबाईनं विचारलं.

"नूतननं धुतली, आई. साबण लावून."

मित्रांनो, साबण वरवरचं नेतो. प्यायलेलं नेत नाही. गरम वांगं माझ्या पोटात पडलं, वरून तेल पडलं आणि आत मुरलेलं औषध वर यायला लागलं. मी देवाला म्हटलं, मला उभी चीर जाऊ दे. मी दोन तुकडे होऊन पडू दे. पण कडुनिंबाचं लाकूड, नीट वाळवलेलं. त्याला चीर जात नाही.

बेबाबाईनं नेमाप्रमाणे नाकावर पदर बांधला.

"आजी, तो पदर तसाच राहू द्या," मोनाली म्हणाली, "फार छान दिसतंय."

पहिलं ताट नानांना. घास तोंडात गेला आणि नाना थांबले. ज्यानं चाळीस वर्षं पाठीवर पंप घेऊन कपाशीवर आणि केळीवर फवारलं, त्याला तो वास कळणार नाही? त्यांनी ताटाकडे पाहिलं. मग बेबाबाईकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर दिव्यांचा उजेड होता आणि ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"कसं झालंय, नाना?" मोनालीनं विचारलं.

"बेबाच्या हातचं हाये," नाना म्हणाले, "काय विचारता!"

पण तेवढ्यात बाहेर भोंगा वाजला, म्हणून पुन्हा करायला लावलं. मग दिवा हलला, म्हणून पुन्हा. तीन वेळा नानांनी नवा घास घेतला आणि तीन वेळा तेच वाक्य म्हटलं. मोनालीही दर वेळी घास घेई, डोळे मिटी आणि कॅमेरा थांबला की मागे वळून कागदात थुंकून टाकी. "सॉरी हं, सकाळपासून चौथं ठिकाण आहे," ती नूतनला म्हणाली. तिचा त्यात काही दोष नव्हता. पोट एकच असतं.

ताट संपलं. नूतन बाकीच्यांना वाढायला आली तर नानांनी मला दोन्ही हातांनी जवळ ओढलं. "हे बठ्ठं माह्यं हाये. कोणालेच देणार नाही!"

"नाना हावरट झाले," पियुष म्हणाला आणि सगळे हसले. बेबाबाई पदराआड सगळ्यांत जास्त हसली. थोड्या वेळानं नाना मला घेऊन मागच्या मोरीशी गेले आणि उरलेलं सगळं त्यांनी खड्ड्यात ओतलं. वर माती सारली. हात धुतले.

त्यांना वाटलं असेल, आयुष्यभर औषध अंगावर घेतलं, चार घासांनी काय होतं. आमच्याकडची माणसं औषधाला असंच मोजतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी नूतन हॉटेलात आली तेव्हा रात्रभर दवाखान्यात नानांपाशी जागून तिचे डोळे सुजले होते. मला घासायला घेतलं, कढत पाणी ओतलं आणि ती एकदम मागे सरकली. मग वाकून तिनं पुन्हा वास घेतला.

"अहो," तिनं पियुषला हाक मारली, "हिला काय लावलं होतं?"

"पॉलिश. का?"

"आतून?"

पियुषचा चेहरा बघता बघता उतरला.

"दवाखान्यात डॉक्टर विचारत होते, फवारणी केली का म्हणून. नाना म्हणाले, नाही, बाहेरचं खाल्लं, पित्त झालं. त्यांना पित्ताचं सलाईन लावलंय! सांगा ना, आतून काय लावलं?"

"वाळवीचं," तो म्हणाला. मग खाली बसला. "नूतन, आत्ता कोणाला बोलू नको. हॉटेल..."

"हॉटेल?" तिनं एवढंच विचारलं. मला गोणपाटात गुंडाळलं आणि रिक्षात घातलं.

डॉक्टरांनी माझा वास घेतला आणि पळतच सिस्टरला हाक मारली. मग खूप धावपळ झाली. पण वेळ निघून गेली होती. मला तिथंच खाटेखाली ठेवलं होतं. वर नानांचा श्वास घरघरत होता.

"तुम्हाले वास नव्हता आला का?" बेबाबाईनं विचारलं.

नाना म्हणाले, "आला होता."

"मंग काबरं खाल्लं?"

"तू पाहत होती ना."

चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी, दुपारी, नाना गेले.

घरात सुतक होतं. देवघर बंद. खंडोबाला नैवेद्य गेला नाही, म्हणून बेबाबाईचं व्रतही सुटलं नाही. भटजींनी सांगितलं, पुढच्या वर्षी करा, चालतं. पुढच्या वर्षीची चंपाषष्ठी येऊन गेली. तिनं वांगं चुलीवर ठेवलं नाही.

तो कार्यक्रम मात्र ठरल्याप्रमाणे, नाना गेल्यावर महिनाभरातच टीव्हीवर लागला; मी तेव्हा पुन्हा फैजपूरच्या घरी आले होते. पियुष बंद करायला उठला तर बेबाबाई म्हणाली, "राहू दे." नाना दिसले. इस्त्रीची टोपी. घास तोंडात गेला आणि ते थांबले. इतरांना ते चवीनं थांबल्यासारखं दिसलं असेल. बेबाबाईनं ते पाहिलं आणि तिच्या घशातून जो आवाज आला तो मी कधी ऐकला नव्हता. नाकावर पदर बांधलेली बाई त्याच पडद्यावर शेजारी बसून हसत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं पियुषला बोलावलं. "ड्रिल मशीन आण. हिच्या बुडाले भोकं पाड. कोणी चुकूनबी हिच्यात काही ठेवलं नाही पाहिजे."

"आई, जाळून टाकू का?"

"धूर कोणाच्या नाकात जाईन? तू पाड भोकं. तूच पाड."

पियुष माझ्यावर वाकला. एक पाडलं, दुसरं पाडलं, आणि तिसऱ्याला तो मशीन टाकून माझ्यावर डोकं ठेवून रडला. तिनं त्याला जवळ घेतलं नाही. पण ती तिथून उठलीही नाही.

मित्रांनो, भिंतीवर लावलेली वस्तू पुन्हा ताटापाशी आणू नका, हे तर सांगतेच. कोणी औषधाबद्दल बजावत असेल तर फोन खाली ठेवून ऐका. पण माझं मागणं याहून लहान आहे. कुणी मायेनं वाढलं आणि पहिल्याच घासाला काही खटकलं, तर घास खाली ठेवा आणि सांगा. वाढणारीचं तोंड उतरेल. उतरू द्या. संध्याकाळपर्यंत ती पुन्हा हसेल, आणि तुम्ही ते पाहायला असाल.